हिंमतरावांचा तात्या

कळसाडीच्या हिंमतराव पाटलांना पहिल्यांदा बघणारा माणूस आधी दचकतो आणि दहा मिनिटांनी त्यांच्याच ओट्यावर बसून चहा पीत असतो. सहा फूट उंची, कानापर्यंत गेलेल्या मिशा, मोठे तांबूस डोळे. देवानं बाहेरून सगळा माल दरोडेखोराचा भरला आणि आत स्वभाव मात्र गायीचा घातला. तीस वर्षं त्यांनी बैल राखले, पण बैलाला कधी शिवी दिली नाही. गावात बांधावरून भांडण लागलं की लोक त्यांना बोलवायला यायचे ते मध्यस्थी करायला नव्हे, नुसतं उभं राहायला. हिंमतराव जायचे, दोन्ही हात मागं बांधून उभे राहायचे आणि भांडणारे आपोआप आवाज खाली आणायचे. घरी येऊन ते बायकोला, गजराबाईंना, विचारायचे की लोक मला इतकं का भितात. गजराबाई म्हणायच्या, आरसा बघा.

तर असल्या माणसानं सगळ्या खान्देशाला घाबरवून सोडलं, आणि तेही कोणाच्या अंगाला बोट न लावता. लोकांना वाटतं की अभिनय शाळेत शिकायचा असतो. मला नाही वाटत. हिंमतरावांचा अभिनय त्यांच्या घरच्या रीतीतून आला, आणि तो कसा आला हे कळसाडीबाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

हिंमतरावांची धाकटी बहीण सिंधुबाई रनाळ्याला दिलेली. तिचा एकुलता एक मुलगा भूपेश. शिकला, पदवी घेतली, दिसायला राजबिंडा निघाला आणि डोक्यात एकच खूळ घेऊन बसला: अहिराणीत सिनेमा काढायचा आणि त्यात आपणच हिरो व्हायचं. मोबाइलवर पाच-दहा मिनिटांच्या विनोदी चित्रफिती आमच्याकडे आता गल्लोगल्ली निघतात, पण याला पडद्यावरचा दोन तासांचा सिनेमा हवा होता. वडिलांनी दोन वर्षं तोंड आवळून सहन केलं. शेवटी त्यांनी सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत काय ते करून दाखव, नाहीतर सुरतेला चुलत्याच्या कापडाच्या कारखान्यात जाऊन बस. तिथल्या माणसाशी बोलणंही झालं होतं. सुरतेला गेलेला पोरगा परत येतो तो लग्नापुरता, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

सिनेमाचं नाव ठरलं ‘पानीनी पाळी’. गोष्ट साधी होती. गावातला तात्या नावाचा दांडगा माणूस शेतांना पाणी नेणाऱ्या पाटचारीचं दार आपल्या ताब्यात ठेवतो, मर्जीतल्यांना पाणी सोडतो, बाकीच्यांचं पीक वाळवतो, आणि एक तरणा पोरगा त्याच्याविरुद्ध उभा राहतो. पोरगा अर्थात भूपेश. दिग्दर्शन आणि कॅमेरा शहाद्याच्या नवनीतकडे. हा नवनीत एरवी लग्नांचं शूटिंग करतो. नवरीच्या डोळ्यांतलं पाणी नेमकं टिपण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. शूटिंगला शेत हवं होतं, पाट हवा होता, बैलजोडी हवी होती. भाच्यानं मागितलं आणि मामानं सगळं दिलं. वर गजराबाईंनी वीस माणसांच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि शेवभाजी अंगावर घेतली.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. तात्या होणारा नट धुळ्याहून यायचा होता, तो आलाच नाही. दुसऱ्या एका सिनेमावाल्यानं त्याला पळवला होता. फोन बंद. भूपेश बांधावर डोकं धरून बसला. हिंमतराव पाटाच्या दारापाशी हात मागं बांधून उभे होते, भाच्याची काळजी करत. नवनीतनं सहज कॅमेऱ्यातून तिकडं बघितलं आणि तो हळूच म्हणाला की मामा, आहात तसेच राहा, हलू नका.

हिंमतराव नाही नाही म्हणत होते. पण भूपेशनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते तयार झाले. बहिणीच्या पोराचं आयुष्य सुरतेच्या गाडीत बसायला निघालंय आणि आपण नुसतं उभं राहिल्यानं ते थांबत असेल, तर उभं राहायला काय जातं, असा त्यांनी हिशेब केला. तीस वर्षं तेच तर करत होते.

खरी अडचण तिसऱ्या दिवशी आली. कागदावर लिहिलं होतं की तात्या हिरोच्या कानशिलात मारतो, लाथ घालून त्याला चिखलात पाडतो आणि आईवरून शिवी देतो. नवनीतनं हे वाचून दाखवलं, तेव्हा हिंमतरावांनी कानांवर हात ठेवले. आमच्याकडे भाचा म्हणजे काय चीज असते ते ऐका. शंभर ब्राह्मण जेवू घातले काय आणि एक भाचा जेवू घातला काय, पुण्य सारखंच, असं म्हणतात. भाचा मामाच्या पाया पडत नाही. मामा भाच्याच्या पाया पडतो, मग तो भाचा पाळण्यात का असेना. चुकून पाय लागला तर लगेच वाकून नमस्कार करतात. आणि इथं लाथ घालायची? चुलीपाशी भाकरी थापत असलेल्या गजराबाईंच्या कानावर गेलं, तशा त्या पिठाच्या हातानं उठून आल्या.

“भाचाले मारशात?” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “सात जन्म पाप फिटाव नही.”

नवनीतनं सगळं करून पाहिलं. हे खोटं खोटं आहे, हात लागतच नाही, कॅमेऱ्याला तसं दिसतं, वगैरे. हिंमतराव एका शब्दानं हलले नाहीत. हात लावणार नाही, पाय लावणार नाही, आणि बहिणीवरून शिवी तर जीभ झडली तरी निघणार नाही. नवनीत वैतागला. जो मारत नाही, शिव्या देत नाही, ओरडतसुद्धा नाही, त्या खलनायकाला घेऊन चाटायचं काय, असं तो भूपेशला बाजूला घेऊन म्हणाला, पण मामांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

हिंमतरावांना ते लागलं. एक काम अंगावर घेतलं आणि ते आपल्यानं होत नाही, ही गोष्ट त्यांना कधी सोसली नाही. ते बराच वेळ बैलांपाशी जाऊन बसले. जोडीतला डावा बैल मारका होता. घरच्या कोणाला जवळ येऊ देत नसे, पण हिंमतरावांपुढं मान खाली घालायचा. मारक्या बैलावर ओरडायचं नसतं, हे बैल राखणाऱ्याला माहीत असतं. त्याच्या डोळ्यांतून डोळा काढायचा नाही, सावकाश एकेक पाऊल टाकत जायचं आणि हळू आवाजात त्याच्याशी घरच्यासारखं बोलत राहायचं. बैलाला कळत नाही की हा माणूस पुढं काय करणार आहे. त्याचा जोर तिथंच जातो. हिंमतराव उठून आले आणि नवनीतला म्हणाले की मला माझ्या पद्धतीनं करू दे, नाही जमलं तर दुसरा माणूस बघा.

शॉट लागला. तात्याच्या दोन गड्यांनी भूपेशला ढकलून पाटाच्या चिखलात पाडलं. हिंमतराव बांधावरून उतरले, एकेक पाऊल टाकत, डोळ्यांतून डोळा न काढता. पाटाचं दार त्यांनी स्वतःच्या हातानं खाली सोडलं. पाणी थांबलं. मग चिखलातल्या पोराकडं बघून, आजारी लेकराची चौकशी करावी तसल्या मऊ आवाजात ते बोलले.

“तुन्ही पाळी आते येवाव नही, पोऱ्या.”

शॉट इथं संपायचा होता. पण समोर चिखलात पडलेला पोरगा त्यांच्या बहिणीचा होता. त्याच्या तोंडावर माती होती आणि ती आपल्यामुळं होती. कॅमेरा चालू आहे की बंद, याचं भान त्यांना राहिलं नाही. ते तिथंच वाकले, दोन्ही हातांनी भूपेशच्या चिखलानं भरलेल्या पावलांना शिवले, ते हात कपाळाला लावले, शांतपणे धोतराला पुसले आणि पाठ फिरवून चालू लागले.

नवनीतच्या तोंडून “कट” निघायला फार वेळ लागला. हिंमतरावांना वाटलं की आपण चूक केली, शॉट वाया घालवला. ते नवनीतची माफी मागायला लागले. नवनीत त्यांना थांबवून म्हणाला की मामा, आता याच्यावर एक शब्दही बोलू नका.

ज्याला उद्ध्वस्त करायचं त्याच्या आधी पाया पडणारा माणूस. घरच्यांना त्यामागची रीत माहीत होती. पण पडद्यावर तो मामा नव्हता आणि हा भाचा नव्हता. पडद्यावर तो तात्या होता, आणि तात्याचा तो नमस्कार बघून अंगावर काटा यायचा. मारणारा खलनायक आपण सगळ्यांनी हजार पाहिलेत. त्याचा मार चुकवता येतो. जो नमस्कार करून घर बुडवतो त्याच्यापुढं माणूस काय करणार?

पावसाळ्यात नवनीतनं ते अर्ध्या मिनिटाचं दृश्य मोबाइलवर सोडलं आणि आठ दिवसांत ते नवापूरपासून चोपड्यापर्यंत फिरलं. शाळेतली पोरं एकमेकांच्या पाया पडून “तुन्ही पाळी आते येवाव नही” म्हणू लागली. हिंमतराव बियाण्याला मोलगीच्या बाजारात गेले, तर परतीच्या जीपमध्ये पुढं बसलेले दोघं न सांगता उठून मागं गेले. शहाद्याच्या स्टँडवर एका बाईनं त्यांना बघून आपलं पोर पदराआड घेतलं. हिंमतरावांनी त्या पोराला खिशातली लिमलेटची गोळी देऊ केली, तर ते भोकाड पसरून रडलं.

खोटं कशाला बोला, त्यांना आतून आनंद होत होता. छप्पन वर्षांच्या आयुष्यात लोकांनी त्यांना भलं म्हटलं होतं, सरळ म्हटलं होतं, पण वा म्हटलं नव्हतं. घरात कोणी नसताना ते मोबाइलवर आपलाच तात्या लावायचे, आणि गजराबाई आल्या की हवामानाचा अंदाज बघत असल्याचं दाखवायचे. गजराबाईंना अर्थातच सगळं माहीत होतं. त्या आल्या-गेल्याला सांगायच्या की आमच्या घरात आता दोन माणसं राहतात, एक हे आणि एक तात्या, आणि दोघांनाही भाकरी मीच घालते.

पण त्या दृश्याखाली लोक काय लिहीत होते, ते हिंमतरावांनी उशिरा वाचलं. शेकडो लोकांनी तात्याला डोक्यावर घेतलं होतं. भूपेशबद्दल मोजून चार वाक्यं होती, आणि त्यातल्या एकानं विचारलं होतं की या पिच्चरमधला हिरो कोण आहे. हिंमतरावांनी ते दोनदा वाचलं आणि मोबाइल पालथा घातला. ज्याच्यासाठी उभे राहिलो त्याच्याच पुढं आपण उभे राहिलो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

सिंधुबाईच्या तर ते आधीच ध्यानात आलं होतं. तिचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी नाही, काही नाही.

“भाऊ, तू मन्हा पोऱ्याले झाकी टाकं,” ती म्हणाली. “लोके तुलेच दखतस, त्याले कोनी दखत नही.”

आणि तिनं फोन ठेवून दिला. त्या वर्षी राखी कुरियरनं आली. लग्न झाल्यापासून सिंधुबाई राखीला आली नाही असं एकदाही झालं नव्हतं; पुराच्या साली ती ट्रॅक्टरवर बसून आली होती. हिंमतरावांनी ती राखी गजराबाईंकडून बांधून घेतली नाही. पाकिटासकट देव्हाऱ्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.नं शहाद्याला गेले.

नवनीतच्या स्टुडिओत सिनेमाची शेवटची जोडाजोड चालली होती. हिंमतरावांनी बसायच्या आधीच सांगितलं की माझं ते पाया पडण्याचं दृश्य काढून टाक. शक्य असेल तर मी बोलतो ती आणखी दोन-तीन ठिकाणंही काढ. तात्या थोडा कमी दिसू दे, पोरगा जास्त दिसू दे. नवनीतनं मागं बोट दाखवलं. मागच्या खुर्चीत भूपेश बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. हिंमतरावांना वाटलं की पोरगा रागानं उठून जाईल, आणि गेला असता तर त्याचं काही चुकलं नसतं.

भूपेश उठला, मामांना खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला.

“मामा, मी हाऊ पिच्चर वीस खेपा दखा,” तो म्हणाला. “सगळीकडे मी हिरो शे. त्या एकाच जागावर मी खरा शे. तुम्ही पाया पडनात, तव्हय मी खरंच भ्यायनू. ती जागा काढी टाकी, ते पिच्चरमा मीबी ऱ्हावाव नही.”

हिंमतराव म्हणाले की पण लोक तुला विचारत नाहीत, तुझी आई रडते, दिवाळी जवळ येतेय आणि सुरतेचा माणूस वाट बघतोय.

“तात्याना धाकच नही, ते मी लढस कोनसंगे?” भूपेश म्हणाला.

त्यानं नवनीतला ते दृश्य लावायला सांगितलं. मामांनी आजवर त्या दृश्यात फक्त स्वतःला बघितलं होतं. भूपेशनं पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं चिखलात पडलेला एक पोरगा होता आणि आपल्या पायांशी वाकलेल्या माणसाकडं असा बघत होता की आता जगात आपलं कोणी उरलं नाही. आपला भाचा एवढा मोठा नट आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि आपण तो मोठा केला असं नाही, तर तो आपल्यासमोर टिकला, याचा त्यांना जास्त अभिमान वाटला. दृश्य राहिलं. एस.टी.त परत येताना त्यांनी सिंधुबाईला फोन लावला. तिनं उचलला नाही.

दिवाळीच्या वीस दिवस आधी शहाद्याच्या एका टॉकीजमध्ये दुपारी बाराचा खेळ लागला. कळसाडीहून दोन टेम्पो भरून माणसं गेली, रनाळ्याहून तेवढीच आली. सिंधुबाई आली, पण भावाकडं न बघता भावजयीशी बोलली. गजराबाई काही कमी नव्हत्या. आधी मी, मग तू, मग अजून कोणी तरी, असं करत त्यांनी सगळ्यांना रांगेत असं बसवलं की अंधार झाला तेव्हा बहिणीच्या शेजारी भाऊच आला. आता भर खेळात उठून जायचं कसं? सिंधुबाई पदर आवळून समोर बघत राहिली.

मध्यंतरापर्यंत लोक हसले, बोलले, ओळखीचं शेत दिसलं की नाव घेऊन ओरडले. नंतर तो पाट आला. भूपेश चिखलात पडला. तात्या एकेक पाऊल टाकत खाली उतरला, तसतशी टॉकीज गप्प होत गेली. दार पडलं, पाणी थांबलं. तो मऊ आवाज आला. तात्या वाकला आणि पाया पडला. हिंमतरावांना स्वतःलाच पडद्यावरच्या त्या माणसाची भीती वाटली.

त्याच वेळी शेजारून एक हात आला आणि त्यानं त्यांचं मनगट करकचून धरलं. बांगड्या रुतल्या.

“मर, मुडदा,” सिंधुबाई दातओठ खात पडद्याकडं बघून म्हणाली. “मन्हा पोऱ्यानं पानी तोडस का? तुन्हं वाटोळं व्हई.”

तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. लहानपणी शेताच्या वाटेवर कुत्रं अंगावर आलं की ती असाच हात धरायची. हिंमतराव हलले नाहीत. आपल्याला शिव्या देणारी बहीण आपल्याच भीतीनं आपल्याला बिलगली आहे, हे त्यांना कळत होतं, आणि त्या अंधारात त्यांची छाती भरून आली. एवढा मान त्यांना कोणी दिला नव्हता, देणारही नव्हतं.

पडद्यावर भूपेश चिखलातून उठला, आणि शेवटी तात्याच्या गड्यांशी झुंजत पुन्हा त्याच दारापाशी आला. रक्ताळलेल्या हातांनी त्यानं ते दार वर उचललं, पाणी सुटलं, आणि पाण्याच्या लोंढ्यात उभ्या असलेल्या तात्याची पहिल्यांदा नजर खाली गेली. टॉकीजचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. शिट्ट्या, टोप्या, भूपेशच्या नावाचा गजर. कोणी तात्याचं नाव घेत नव्हतं. दोन खुर्च्या पलीकडं भूपेशचे वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते. मध्यंतरातच बाहेर जाऊन त्यांनी सुरतेला पोरगा येत नाही म्हणून कळवलं होतं, ते नंतर समजलं.

सिंधुबाईनं डोळे पुसले. मनगट अजून सोडलं नव्हतं. ती भावाच्या कानाशी वाकली.

“भाऊ, दखं का तू? मन्हा पोऱ्यानी कसा जिरवा त्या मुडदाले.”

“दखं, बाई,” हिंमतराव म्हणाले. “भलता जिरवा.”

आणि दिवे लागले तरी त्यांनी मान वर केली नाही, कारण तोपर्यंत त्यांचेही डोळे भरले होते.